जळालेला परत डब्यात

आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलमधी कोनी नापास होत नाई. ज्याले बल्बाचा होल्डर लावता येत नाई, तोबी पास होते. नापास झाली ते एकच, माझ्या भावाची पोरगी, आम्रपाली. अन् कायच्यानं झाली? तं तिले प्रॅक्टिकल येत होतं म्हनून. आता तुमी म्हनसान, कांताबाई भाचीची बाजू घेऊन बोलून राहिली. हाव, घेऊन राहिली! दुसरं होतंच कोन तिच्या बाजूनं?

मी त्या लॅबमधी अटेंडंट होय. आधी माझे घरवाले, जानराव, होते तिथं. ते गेले अन् कॉलेजवाल्याइनं त्याइच्या जागी मले घेतलं. दहावी पास बाई मी. मीटरवरची धूळ पुसाची, सामान द्याचं, परत घ्याचं, कुलूप लावाचं, एवढंच काम. ट्रान्झिस्टर म्हनजे काय हे मले पोट्ट्याइनंच सांगतलं. हरभऱ्याच्या दान्याएवढा काळा तुकडा, त्याले तीन पाय. इकून बारीक सिग्नल देला का तिकून मोठा होऊन निंगते. रेडिओत तेच, मोबाईलमधी तेच, सगळीकडं तेच भरलं हाये म्हनते. एवढुसा जीव, पन भलता नाजूक. उलटा लावला का जळते, करंट जास्त झाला का जळते. अन् जळला तरी वरून दिसाले तसाच राह्यते, कोराकरकरीत.

जळाल्यावर काय कराचं? नियम असा का सरले सांगाचं. सर मंग सगळ्याइसमोर झापनार, रजिस्टरात नाव लिहनार, घरी फोन करनार. मंग कोन सांगते बाप्पा? पोट्टे चूपचाप तो जळालेला परत डब्यात टाकत. जाताजाता सीनियर जूनियरले शिकवून जात, "बोलना मत, डब्बे में डाल देना." वरसानुवरसं हेच. डबा कधी कमी झाला नाई. स्टॉक पाहाले कोनी आलं का डबा हालवून पाहे, खुळखुळ वाजला का टिक मारून पुढं जाये. मी आमच्या एचओडी साहेबाले म्हनलं होतं, "सर, इसमें कौन जिंदा, कौन मरा, कुछ पता नहीं. नया मंगा लो." साहेब म्हनले, "कांताबाई, डब्बा निकालता कौन है? किट है ना."

किट म्हनजे बंद पेटी. सर्किट आतमधी आधीच जोडलेलं, वरून दोन-चार बटनं अन् मीटर. सहा पोट्टे एका किटभवती गोळा होत. बटन फिरवनार ते मुलगे, अन् आकडे लिहनार ते पोरी. कोनी असा नियम नाई केला, पन तसंच चाले. "तू लिख ना, तेरी हैंडराइटिंग अच्छी है." बटनबी नावालेच फिरे. अर्ध्या किटाचे काटे अडकलेले, म्हनून रीडिंग मागच्या बॅचच्या फाईलीतून उतरवत. मागच्या बॅचनं त्याच्या मागच्या बॅचचं उतरवलेलं. पयल्यांदा खरं कोनी मोजलं होतं देव जाने, म्हनजे आमी देव मानत नाई, पन म्हनाची पद्धत हाये. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, तसा कारभार.

ह्या लॅबमधी आली आमची आम्रपाली.

ते लहानपनापासून वेगळीच. सुगत, माझा लहाना भाऊ, तिचा बाप, भिलाईच्या लोखंडाच्या प्लांटात क्रेनवर. सेक्टरमधल्या क्वार्टरात राह्यतात. एका जयंतीले विहारासमोर गाने लागाचे होते, तं अ‍ॅम्प्लिफायरच बसला. साऊंडवाला वाकून खोलून पाहून राहिला, अन् हे फ्रॉक घातलेली पोट्टी त्याच्या डोक्यावर टॉर्च धरून उभी. विजया, तिची माय, जेवाले हाका मारून राहिली, हे जागची हालन तं शप्पथ. साऊंडवाल्यानं एक तीन पायाचा तुकडा काढला, दुसरा बसवला, अन् धाडकन आवाज आला. लोकाइनं टाळ्या वाजवल्या अन् हे त्याले इचारते, "काका, ये छोटा वाला इतना बड़ा आवाज कैसे करता है?" त्यानं सांगतलं, "मैं नहीं जानता बेटा, मैं तो बस बदलता हूँ." त्यावर मॅडम नाराज. घरी येऊन म्हनते, "आत्या, त्याले मालूम नाई तं तो खोलते कायले?"

भिलाईत दर तिसऱ्या घरावर कोचिंगचा बोर्ड. चौथीपासून लेकराइले आयआयटीचं खूळ लावून देतात. हिचीबी कोचिंग झाली, पन रँक काई पेपरात फोटो यावा अशी आली नाई. आली तेवढ्यात आमचं कॉलेज भेटलं. विजयाले वाटे, पोरीनं बँकेची परीक्षा द्यावी, पंख्याखाली बसावं. पोरीचं एकच, मले इलेक्ट्रॉनिक्स पायजे. तिनं कुठंतरी पाह्यलं होतं का आपल्या देशातच आता चिपचे कारखाने होऊन राहिले, अन् चिपमधी असे ट्रान्झिस्टर करोडोनं बसवतात. मले म्हने, "आत्या, नखाएवढ्या जागेत! तिथं काम कराचं मले. हातानं."

अ‍ॅडमिशन झाल्यावर आमी दोघीनं ठरवलं, कॉलेजात आत्या-भाची नाई. तिथं मी आंटी, ते स्टुडंट. माझं आडनाव वेगळं, तिचं खोब्रागडे, कोनाले पत्ता लागाचं कारन नाई. नाईतं उद्या तिले चांगले मार्क भेटले का लोक म्हननार, आत्यानं द्याले लावले. म्हनून लॅबमधी ते माझ्याकडं पाहेबी नाई. म्या "प्रोब किसको चाहिए?" म्हनलं का हे भिंतीकडं तोंड करून "इधर" म्हने. मले हासू ये.

तिसऱ्या सेमिस्टरले तो पेपर लागला: डायोड, ट्रान्झिस्टर अन् त्याइचे सर्किट. पयल्याच प्रॅक्टिकलले राहुल नावाच्या पोट्ट्यानं किट आपल्याकडं ओढलं अन् फाईल हिच्यासमोर सारली. हिनं म्हनलं, "आज मैं करूँगी." राहुल वाईट पोट्टा नाई हो, साधा हाये, पन त्याले ते समजलंच नाई. तो हासला अन् म्हनला, "अरे, बिगड़ गया तो?" बाकीचेबी हासले. हिनं त्या सेमिस्टरात सहा जनाइच्या फाईली लिहल्या. अक्षर असं का भूमिका मॅडमनं, म्हनजे आमच्या कॉन्ट्रॅक्टवाल्या लेक्चरर मॅडमनं, ते फाईल वर्गात फिरवली. घरी मी गेली का हे तनतन करे. "आत्या, मी कारकून होय का त्याइची?"

म्या म्हनलं, "रडतं कायले? जेवनाच्या सुट्टीत लॅब खाली राह्यते. ये."

मंग ते येऊ लागली. पॉवर हाऊस भागातल्या मार्केटातून स्वतःचा ब्रेडबोर्ड आनला, म्हनजे छिद्राची पाटी, तिच्यात तारा खोचून सर्किट बनवतात. ट्रान्झिस्टरबी स्वतःचे आनले. घास तोंडात अन् हात पाटीवर. पयले काई दिवस नुस्ता धूर. एकदा मिरचीची फोडनी जळाल्यावानी वास सुटला, मी खिडक्या उघडल्या. हिचे डोळे भरले. म्या म्हनलं, जळू दे, जळल्याबिगर कोनाची पोळी गोल झाली? अन् एका दुपारी सिग्नल दाखवनाऱ्या मशीनच्या स्क्रीनवर लाट उठली. खाली बारीक लाट जाऊन राहिली, वर मोठी निंगून राहिली. माय वं! पोट्टी खुर्चीवरून उठून माझ्या गळ्यातच पडली. नंतर आठोलं का आपन ओळखीचे नाई, तं पटकन दूर झाली. मले त्यातलं काई समजलं नाई, पन मी खूप खुश झाली, खरं सांगते.

त्याच वक्ती कॉलेजात खबर आली का एक कंपनी येनार, चिप तपासाचं काम करते, सुट्टीत ट्रेनिंगसाठी दुसऱ्या वर्षाचे पोट्टे घेनार. ट्रेनिंग चांगली केली का पुढं नोकरी तिथंच. अट एकच, आजवर एकाबी विषयात बॅक, म्हनजे नापासाचा शिक्का, नाई पायजे, थिअरीत नाई, प्रॅक्टिकलमधी नाई. आम्रपालीची पाटी कोरी होती. ते मले म्हनली, "आत्या, इंटरव्ह्यूत हातानं सर्किट बनवाले लावतात म्हनते. मले येते ना." म्या म्हनलं, "तुले नाई येईन तं कोनाले येईन?"

प्रॅक्टिकलची परीक्षा आली. रायपूरकून एक्स्टर्नल साहेब आले, म्हनजे बाहेरचे परीक्षक. आदल्या दिवशी एचओडी साहेबानं मले सांगतलं, "कांताबाई, सब किट लगा के रखना, किसी को कुछ खोलना न पड़े." पद्धत अशीच. पोट्टे चिठ्ठी उचलतात, किटसमोर बसतात, पाठ केलेले आकडे लिहतात, दोन सवाल होतात, एक्स्टर्नल साहेब समोसा खाते, सगळे पास. कोनाचं काई बिघडत नाई.

हिची पाळी आली. साहेबानं इचारलं, "नाम?"

"आम्रपाली खोब्रागडे."

"पीईटी में रैंक कितनी थी?"

सकाळपासून इतके पोट्टे झाले, कोनालेच अ‍ॅडमिशनच्या परीक्षेची रँक नाई इचारली. हिनं सांगतली. साहेब "अच्छा, अच्छा" म्हनले अन् एचओडीकडं पाहून मान हालवली. त्या "अच्छा"चा अर्थ आमच्या घरात लहान लेकरालेबी समजते. तिलेबी समजला. तिचे कान लाल झाले ते मले दिसले. अन् मले वाटते, तिथंच तिच्या डोक्स्यात बसलं का ह्याले दाखवूनच देते.

चिठ्ठीत अ‍ॅम्प्लिफायर निंगाला. हे म्हनते, "सर, मैं किट पर नहीं, ब्रेडबोर्ड पर बनाऊँगी. शुरू से."

साहेब जरासे जागे झाले. "बना लोगी?"

"हाँ सर."

"बनाओ. देखते हैं."

हे मुकाट्यानं कपाटाजवळ आली अन् भिंतीकडं पाहून म्हनली, "आंटी, ब्रेडबोर्ड, तार और ट्रान्झिस्टर का डब्बा."

ते डबा मागीन हे माझ्या ध्यानीमनी नोतं. रोज तं आपलाच सामान वापरे. म्या डबा देताना धरूनच ठेवला, सोडलाच नाई. मान हालवली, नको म्हनून. पन ते पाहीन तं ना! ठरल्याप्रमानं भिंतीकडंच डोळे. डबा ओढून घेऊन गेली.

बनवलं तिनं. एकबी तार दुसऱ्यांदा काढाले लागली नाई. राहुल आपल्या किटवरून मान वाकडी करून पाहून राहिला होता. भूमिका मॅडम पदराआड हासून राहिल्या होत्या, खुशीनं. मंग हिनं सप्लाय चालू केला, अन् स्क्रीनवर सरळ रेघ. लाट नाई, काईच नाई.

तिनं तारा तपासल्या. पुन्हा तपासल्या. मंग मीटर लावून ट्रान्झिस्टर पाह्यला. जित्ता असन तं मीटरवर आकडा येते, हे मलेबी मालूम झालं होतं. आकडा नाई आला. तिनं डब्यातून दुसरा काढला, मेलेला. तिसरा काढला, तोबी मेलेला. आता अक्कल असती तं गप बसती, "सर, किट पर कर देती हूँ" म्हनती, अन् सुटती. पन ते माझी भाची, हट्टी. अन् तिले वाटलं, हे शिकले-सवरले लोक होय, ह्याइले खरं दाखवलं का पटीन. हेच चुकलं तिचं. एकेक ट्रान्झिस्टर काढे, मीटर लावे, अन् मेला का टेबलावर मांडे, वाळवनाच्या सांडग्यासारखी ओळ. "सर, देखिए, ये ओपन है. ये शॉर्ट है. सर, सर्किट सही है, कंपोनेंट सब डेड हैं. पूरा डब्बा." अन् हासून राहिली होती, बापा! तिले वाटलं, शाबासकी भेटीन.

एक्स्टर्नल साहेबबी हासले. पन एचओडीकडं पाहून. "सर, इसने तो आपकी लैब का पोस्टमार्टम कर दिया."

एचओडी साहेबाचं तोंड पाहासारखं झालं. ते उठून आले अन् म्हनले, "नाच न जाने आँगन टेढ़ा. तुमने ही उल्टा लगा के जलाए होंगे."

"सर, इतने सारे? मैंने तो अभी निकाले."

"बहस मत करो."

"सर, मेरे बैग में नया है. दो मिनट में लगा के दिखाती हूँ."

"बाहर का सामान एग्जाम में नहीं चलेगा."

मले राहवलं नाई. बोलनाऱ्याची बोरं खपतात म्हनतात ना, म्या म्हनलं आपलीबी खपवून पाहू. पुढं झाली अन् म्हनलं, "सर, लड़की सही बोल रही है. डब्बा कब से मरा पड़ा है. मैंने आपको बताया था, नया मंगाने को."

एचओडी साहेबानं माझ्याकडं पाह्यलं, मंग तिच्याकडं. "आप क्यों बोल रही हैं बीच में? कुछ लगती है आपकी?"

खोटं बोलाची सवय असती तं तिथं कामी आली असती. म्या म्हनलं, "भतीजी है मेरी. तो? सच बदल जाता है क्या?"

"अच्छा," साहेब म्हनले, अन् त्याइच्या तोंडावर पयल्यांदा आराम दिसला. "तो घर का मामला है." एक्स्टर्नलले म्हनले, "देख लीजिए सर, ऐसे चलता है यहाँ." मंग मले म्हनले, "आप बाहर जाइए."

मी बाहेर गेली नाई. दाराशीच उभी राह्यली. एक्स्टर्नल साहेबानं हात झटकले, "भाई, आउटपुट तो आया नहीं. मैं क्या लिखूँ?" अन् जे लिहाचं ते लिहलं. आम्रपाली तशीच उभी. ते टेबलावरचे मेलेले ट्रान्झिस्टर एचओडी साहेबानं हातानं गोळा केले, अन् टाकले कुठं? परत डब्यात. झाकन लावून मले देला डबा.

निकाल लागला. सगळे पास, हे एकटी प्रॅक्टिकलमधी नापास. भूमिका मॅडमनं मले पायऱ्यांवर गाठलं, म्हनल्या, "कांता दीदी, मैंने बोला था सर को. पर मेरा भी तो रिन्यूअल उन्हीं के हाथ में है." त्याइच्यावर काय रागवाचं? त्याइचे डोळे खरेच भरले होते. पन डोळे भरून कोनाचं मार्कशीट बदलते?

सुगत ड्यूटीवरून तसाच प्लांटच्या कपड्यात कॉलेजात आला. केबिनबाहेर उभा राह्यला, कितीक वेळ. क्रेनवरून गरम लोखंड उचलनारा मानूस, तिथं हात बांधून उभा होता, ते पाहून मले असा संताप आला का काय सांगू. साहेबानं त्याले आतमधी घेतलं अन् गोड बोलले. "लड़की तेज है, पर ज़िद्दी है. सप्लीमेंट्री में देख लेंगे. बस चुपचाप किट पर बैठे." सुगतनं थँक्यू म्हनलं. थँक्यू! म्या बाहेर आल्यावर त्याले म्हनलं, "कायचं थँक्यू रे? लाथ मारल्याचं?" तो म्हनला, "ताई, मले तिची डिग्री पायजे. मले भांडन नाई पायजे."

घरी त्यानं पोरीसमोर बसून तेच सांगतलं. "बाई, आपल्याले कागद पायजे. बाबासाहेबबी शिकाच म्हनले ना, आधी शिकून घे. कागद हातात आल्यावर भांड."

म्या म्हनलं, "शिकलीच तं होती ते. शिकल्यानंच झालं."

"ताई, तू चूप राय," तो माझ्यावर वरडला. जिंदगीत पयल्यांदा वरडला. आम्रपाली दोघाइकडं पाहून राहिली होती. ना रडली, ना भांडली. उठून आतमधी गेली अन् मायले पोळ्या लाटू लागली. मले ते भांडली असती तं बरं वाटलं असतं.

कंपनीवाले आले. हॉलच्या दारावर नाव पाहून आत सोडत होते, हिचं नाव नाई. राहुलचं होतं. आदल्या दिवशी त्यानं हिले मेसेज केला, का ट्रान्झिस्टरच्या तीन पायाइले काय काय म्हनतात, कोनता कोनता होय, जरा सांग. हिनं सांगतलं. चित्र काढून, पाय दाखवून, चांगल्या अक्षरात फोटो पाठवला. मी म्हनलं, "कावून सांगतलं तू? मरू देती." ते म्हनली, "त्याची काय चूक हाये, आत्या?" राहुलची निवड झाली. त्यानं पेढे आनले, हिच्यासाठी दोन वेगळे ठेवले. म्हनलं ना, वाईट पोट्टा नाई तो.

जेवनाच्या सुट्टीत हे येनं बंद झालं. मी दार उघडं ठेवून बसे. कॉरिडॉरमधून जाताना आता ते माझ्याकडं पाहून हासे, हात हालवे, आता लपवाचं काई राह्यलं नोतं ना. पन आत नाई येये.

एक मात्र झालं. एक्स्टर्नल साहेब रायपुरात जाऊन कुठंतरी हासत सांगून बसले असतील, का काय, पन वरून इचारना झाली अन् लॅबमधी नव्या ट्रान्झिस्टरचं पाकीट आलं. सीलबंद. जुना डबा मी स्वतः कचऱ्यात टाकला. सप्लीमेंट्रीच्या, म्हनजे फेरपरीक्षेच्या, दिवशी सकाळी मी नवं पाकीट फोडलं, ब्रेडबोर्ड धुवून-पुसून ठेवला, तारा सोलून ठेवल्या. मीटरनं पाच-सहा तपासूनबी पाह्यले, तिनं शिकवलं होतं तसे. सगळे जित्ते. माझा जीव हरखला. म्हनलं, आता दाखव माय, आता कोन अडवते ते पाहू.

ह्या वेळचे एक्स्टर्नल साहेब म्हातारे होते, चांगले होते. परीक्षा देनारी हे एकटीच, त्याइले बी घाई नोती. चिठ्ठीत पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरच निंगाला. ते टेबलावरचा सामान पाहून म्हनले, "बेटा, ब्रेडबोर्ड पर बनाना चाहो तो बना लो. समय बहुत है."

एचओडी साहेब मोबाईलमधी पाहून राहिले होते. मी पाकीट घेऊन दोन पावलं पुढं गेली. ह्या खेपेले पोट्टीनं माझ्याकडं सरळ पाह्यलं. मले वाटलं, हात पुढं करन.

"नहीं सर," ते म्हनली. "किट ठीक है."

किटसमोर बसली. फाईल उघडली, पट्टीनं रकाने आखले, अन् आकडे लिहाले लागली. भरभर, न थांबता, एकाखाली एक. ग्राफ काढला, वळन असं सुरेख का पुस्तकातलंच. म्हाताऱ्या साहेबानं चष्मा वर करून पाह्यलं अन् म्हनले, "वाह, बहुत साफ काम है." एचओडी साहेब म्हनले, "मैंने कहा था ना सर, लड़की तेज है." दोघाइनं सह्या केल्या. भरपूर मार्क देले, मागच्या खेपेले राहुललेबी एवढे नोते भेटले.

सगळे चहाले गेले. ते बॅग भरून राहिली होती. मी किट उचलाले आली, सप्लाय बंद करावा म्हनून मागं हात घातला, तं वायर हातात आली. पिन सॉकेटात नोतीच. किट सुरूच झालं नोतं.

"आमू," म्या म्हनलं, "तू हे चालू बी नाई केलं?"

तिनं बॅगेची चेन लावली.

"चालू केलं असतं तं रीडिंग चुकलं असतं, आत्या."